लिव्हरवरचा माणूस

लाकूड फोडायचं मशीन मी स्वतःच्या हातांनी बनवलं, ही गोष्ट मी आजवर इतक्या जणांना ऐकवली आहे की मी नुसतं "भेस्तानला असताना" एवढं म्हटलं तरी बायको उठून स्वयंपाकघरात जाते. पण तेच मशीन पुढे मी ऑटोमॅटिक कसं केलं, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर अर्धं सांगतो, वायरिंगचं आणि वॉल्व्हचं. उरलेलं अर्धं सांगायला आज बसलो आहे.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. भेस्तानच्या एका लहानशा रंगाईच्या मिलमध्ये मी फिटर होतो. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि आमचा बॉयलर लाकडावर चालायचा. दिवसभर तो नुसता खात असे. लाकूड यायचं ते बाभळीचं, तेही त्या जातीचं, जिला गुजराती लोक गांडो बावळ म्हणतात. म्हणजे वेडी बाभूळ. वेडीच ती. वाकडी, गाठींनी भरलेली, कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच अडकवून ठेवणारी. दोन माणसं सकाळपासून घण आणि पाचर घेऊन तिच्याशी झटायची, आणि तरी बॉयलरवाला दर तासाला बाहेर येऊन ओरडायचा की प्रेशर पडतंय, लाकूड आणा.

मला तेव्हा माझ्या हातांचा फार गर्व होता. मिलच्या मागे भंगारात, कापडाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा एक जुना हायड्रॉलिक सिलिंडर पडून होता. तो मी उघडला, आतली सीलं बदलली. रंगाईच्या एका मोडीत काढलेल्या मशीनची मोटर उचलली, भंगारबाजारातून तेलाचा पंप आणला आणि एक लोखंडी गर्डर आडवा टाकून त्यावर सगळं वेल्डिंग मारून बसवलं. गर्डरच्या एका टोकाला सिलिंडर, दुसऱ्या टोकाला धार लावलेली जाड पोलादी पाचर, मध्ये ओंडका. लिव्हर पुढे लोटली की सिलिंडरचा दांडा ओंडक्याला पाचरीवर रेटायचा आणि ओंडका कडाडकन दुभंगायचा. लिव्हर मागे ओढली की दांडा मागे. पहिल्या दिवशी सगळी मिल बघायला आली होती. मी उगाचच हातात पाना घेऊन उभा होतो, कारण पान्याचं काहीच काम नव्हतं.

मशीनवर दोन माणसं लागायची. एकाने ओंडका मांडायचा, दुसऱ्याने लिव्हर धरायची. मांडायला नवापूरकडचे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळी मिल काका म्हणायची. आणि लिव्हरवर होते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान.

दाजींबद्दल आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. धुळ्याला आयटीआय करून मी सुरतेला आलो तो थेट आक्काच्या दारात. नवागाममध्ये त्यांची एकच खोली होती. त्या एका खोलीत मी चार वर्षं राहिलो. रात्रपाळी करून मी दिवसा झोपायचो, तेव्हा दाजी सुट्टीच्या दिवशीसुद्धा बाहेर ओट्यावर बसून राहायचे. आत आले तर भांड्याला पाय लागेल आणि माझी झोप मोडेल, म्हणून. चार वर्षांत त्यांनी एकदाही मला विचारलं नाही की तू वेगळी खोली कधी बघतोस. आक्का मला जेवू घालायची आणि त्या बदल्यात एकच काम सांगायची. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे गावाहून आलेली पत्रं मी तिला वाचून दाखवायची आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचं. तेही काम मी कधी कधी कंटाळत करायचो.

दाजी लूमवर होते. उधन्याच्या एका कारखान्यात, बारा-बारा तास, दोन्ही बाजूंना खटाखट चालणारे माग. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचेच कान थोडे जातात, दाजींचे जवळजवळ पूर्ण गेले. मालकाने मागून हाक मारली आणि यांनी वळून पाहिलं नाही, असं चार-पाच वेळा झालं आणि त्यांना काढलं. तेव्हा मी आमच्या शेठकडे जाऊन दाजींना लिव्हरवर लावलं. बहिऱ्या माणसाला मशीनवर कसा लावतोस, असं शेठ म्हणाला होता. मी म्हणालो, ते कानाने नाही, डोळ्याने काम करतील. त्या संध्याकाळी आक्काने माझ्यासाठी कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मी जेवत होतो आणि ती समोर बसून नुसती बघत होती.

आणि दाजींनी खरंच डोळ्याने काम केलं. डोळ्याने आणि तळहाताने. त्याचं श्रेय काकांनाही आहे. काका तरुणपणी ट्रकवर क्लीनर होते. ट्रक काढायचा असला की क्लीनर पत्र्यावर दोन थापा मारून "जाऊ दे!" अशी आरोळी ठोकतो आणि ड्रायव्हर गिअर टाकतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काकांची ती सवय गेलेली नव्हती. ओंडका मांडला, हात बाजूला घेतले की ते गर्डरवर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे!" आरोळी दाजींना ऐकू येत नसे. पण थापा लोखंडातून लिव्हरपर्यंत पोचायच्या आणि त्यांच्या तळहाताला कळायच्या. मग ते एकदा काकांच्या दोन्ही हातांकडे बघायचे आणि मगच लिव्हर लोटायचे. हळूहळू दाजीसुद्धा तसंच म्हणायला लागले. कुठलंही मशीन सुरू करायचं असलं की पत्र्यावर दोन थापा आणि "जाऊ दे!" बहिऱ्या माणसाचा आवाज जरा मोठाच असतो, त्यामुळे सगळे हसायचे. तेही हसायचे.

दोन वर्षांत काकांच्या नखाला ओरखडासुद्धा आला नाही.

मग शेठने पलसाण्याला नवं युनिट काढायचं ठरवलं. नवी मशीनं, सगळं ऑटोमॅटिक, भिंतीएवढी पॅनलं. त्या युनिटला हेड फिटर लागणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. लाकूडफोडीच्या मशीनबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. कोणीही मला ते ऑटोमॅटिक कर म्हणून सांगितलं नव्हतं. मलाच दाखवायचं होतं की मला नुसती भंगाराची जोडाजोड येत नाही, मला पॅनलही येतं. मी कागदावर आकृती काढली आणि शेठच्या केबिनमध्ये गेलो. लिव्हरच्या जागी विजेवर उघडणारा वॉल्व्ह, दोन्ही टोकांना स्विच, दांडा पुढे जाऊन टेकला की आपोआप मागे, मागे येऊन टेकला की थोडं थांबून आपोआप पुढे.

शेठने आकृतीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "आनाथी फायदो शुं?" याने फायदा काय?

फायदे पुष्कळ होते. तेल कमी तापेल, काम एकसारखं होईल, यातलं काहीही मला म्हणता आलं असतं. माझी गुजराती एरवी अडखळत चालते. पण ते वाक्य माझ्या तोंडून असं काही स्वच्छ निघालं की आजही मला आश्चर्य वाटतं.

"शेठ, एक माणस ओछो."

एक माणूस कमी. शेठने तेव्हा मान वर केली. आकृती हातात घेतली. बाहेर आलो तेव्हा मी खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो एक माणूस कोण, हे मला केबिनच्या आत शिरतानाही ठाऊक होतं. मी स्वतःला सांगितलं की दाजींना दुसरीकडे कुठे तरी लावू. कुठे, ते ठरवलं नव्हतं. अजूनही ठरवायचंच आहे.

मशीनला माणसासारखं वागायला शिकवायचं तर माणूस कसा वागतो ते आधी बघावं लागतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि दाजींच्या शेजारी एका उलट्या डब्यावर बसलो. दांडा पुढे जायला किती सेकंद, मागे यायला किती, मध्ये ते किती थांबतात. "काय करी ऱ्हायना?" त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं. मी हातवाऱ्यांनी सांगितलं की मशीनची दुरुस्ती करायची आहे. ते हो म्हणाले आणि कामाला लागले. तीन दिवस मी तसा बसलो. त्यांनी मला एकदाही टाळलं नाही. उलट मी लिहीत असलो की ते थांबायचे, माझं लिहून होईपर्यंत.

गाठीचा ओंडका आला की ते अर्ध्यातच लिव्हर मागे घेतात, हे माझ्या लक्षात आलं. आवाज तर त्यांना येत नाही, मग कळतं कसं? विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि तेलाच्या पाइपवर ठेवला. "हात ठेव आठे. गाठ उनी का पाइप असा थरथरस. मंग रेटानं नही, मांगे लेवानं." माझा तळहात पाइपवर आणि त्यांचा तळहात माझ्या हातावर. खरंच, गाठ आली की पाइप अंगात कापरं भरल्यासारखा थरथरायचा. मी फिटर असून मला हे माहीत नव्हतं. त्यावरून मी एक प्रेशर स्विच बसवला. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की दांडा आपोआप मागे. पुढे त्या स्विचबद्दल माझी फार वाहवा झाली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना टायमरचं सांगितलं. दांडा मागे आल्यावर थोडा वेळ थांबेल आणि आपोआप पुन्हा जाईल, तेवढ्यात काकांनी दुसरा ओंडका मांडायचा. दाजींनी माझ्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं आणि नाही अशी मान हलवली.

"आनि काकाना हात लाकडवर ऱ्हायना ते?"

काकांचा हात लाकडावर राहिला तर? मी म्हणालो, टायमर लांबवू. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि स्वतःचे दोन्ही हात हवेत धरून दाखवले. "दोन्ही हात दूर व्हतीन, तव्हयच दांडा जावाले पाहिजे." मग त्यांनी मला गर्डरवर ती जागा दाखवली जिथे काका थापा मारतात. म्हणाले, इथे बटण बसव. एक इकडे, एक तिकडे. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन चालू. मी कुरकुर केली, कारण मग ते माझ्या आकृतीइतकं ऑटोमॅटिक राहत नव्हतं. पण ते हटून बसले. एरवी कशासाठीही हट्ट न धरणारा माणूस त्या दोन बटणांसाठी दोन दिवस माझ्या मागे लागला. शेवटी मी टायमर काढला आणि बटणं बसवली.

आता तो रविवार. मिल बंद, बॉयलर थंड, जोडणी पूर्ण झालेली. मी आणि दाजी दोघेच होतो. तेच माझ्यासोबत आले होते, वायर धरायला माणूस लागेल म्हणून. स्वतःच्या जागी येणारं मशीन जोडायला ते मला मदत करत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेठने शनिवारीच विचारलं होतं, "बनेवीने कही दीधुं ने?" मेहुण्याला सांगितलंस ना? मी म्हणालो होतो, "हा शेठ." म्हणजे आता सांगणं भाग होतं.

मी पंप चालू केला. आमचा तो पंप नुसता चालू झाला तरी चांगल्या कानाच्या माणसाला शेजारच्याचं ऐकू येत नसे. मग मी दाजींच्या उजव्या खांद्याच्या मागे उभा राहिलो, तोंड प्रेशरच्या काट्याकडे फिरवलं आणि म्हणालो, "दाजी, हे झालं की लिव्हरवर माणूस लागणार नाही. शेठला मी तसं सांगितलंय."

बहिऱ्या माणसाला, पंप चालू करून, पाठीमागून आणि तोंड फिरवून. याहून कमी सांगणं शक्य नव्हतं.

दाजींनी गर्डरवर दोन थापा मारल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे!"

आपल्याकडे जाऊ दे दोन तऱ्हांनी म्हणतात. क्लीनर म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुढे काढ. घरात कोणाचं काही चुकलं आणि समोरचा जाऊ दे म्हणाला, तर त्याचा अर्थ सोडून दे, मी मनात ठेवत नाही. दाजींना मशीन सुरू कर असंच म्हणायचं होतं, थापा मारल्या त्यावरून ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी दुसरा अर्थ घेतला. पाहिजे होता तो घेतला. मी सांगितलं, ते जाऊ दे म्हणाले, विषय संपला. पुढे कित्येक महिने मी स्वतःशी हेच घोकत होतो.

सोमवारी शेठ बघायला आला. दाजी धुतलेला सदरा घालून आले होते आणि हातात नारळ होता. त्यांनी गर्डरला कुंकू लावलं, त्या दोन बटणांनाही लावलं, आणि नारळ पाचरीवर फोडून पाणी मशीनवर शिंपडलं. काकांनी ओंडका मांडला, दोन्ही बटणं दाबली, दांडा गेला, लाकूड फुटलं, दांडा परत आला. लिव्हर काढून मी भिंतीला टेकवून ठेवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना खोबरं वाटलं. शेठलाही दिलं, मलाही दिलं. ते खोबरं मी सगळ्यांसमोर खाल्लं.

त्या आठवड्यात शनिवारी कारकुनाने त्यांना कामावरून काढल्याचं सांगितलं. मी त्या वेळी मुद्दाम छतावर पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. वरून मला दिसलं, दाजी काकांना भेटले, मग मशीनपाशी गेले, भिंतीला टेकवलेली लिव्हर उचलून स्टोअरच्या दारात नीट ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून. आणि गेले.

मला वाटलं होतं, आता आक्का माझ्या दारात येईल आणि मला फाडून खाईल. तेव्हा माझं लग्न होऊन मी वेगळी खोली घेतली होती. आक्का खरंच आली, दुसऱ्याच दिवशी. येताना डब्यात मिरचीचा ठेचा घेऊन आली. खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू एवढी खटपट करीसन नोकरी लाई देल, आनि यास्नी सोडी दिधी. म्हने कंटाया उना. तू राग नको मानू, भाऊ."

ती माझी माफी मागायला आली होती. दाजींनी तिला आपणच कंटाळून नोकरी सोडली असं सांगितलं होतं, आणि नवऱ्याने भावाचा शब्द राखला नाही, म्हणून. बायको माझ्याकडे बघत होती, कारण तिला मी खरं सांगितलेलं होतं. मी आक्काला म्हणालो, "जाऊ दे, आक्का." मोठ्या मनाचा भाऊ असल्यासारखं. हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

मला पलसाणा मिळालं. हेड फिटर झालो, हाताखाली तीन माणसं आली. दाजी मार्केटमध्ये पोटलं उचलायला लागले. पोटलं म्हणजे कापडाचं मोठं गाठोडं, ते पाठीवर घेऊन दुकानातून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोतून दुकानात. ते काम तरण्या पोरांचं आहे. एकदा दुपारी मी शेठच्या गाडीतून मार्केटजवळून जात होतो आणि सिग्नलला गाडी थांबली. दाजी समोरून चालले होते. पाठीवर पोटलं, मान खाली, आणि एक खांदा भिंतीला घासत. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून ते भिंत धरून चालत होते. गाडी मिनिटभर तरी उभी होती. मी मनात म्हटलं, हाक मारून काय उपयोग, त्यांना ऐकू थोडंच येणार आहे. दार उघडून उतरता येतं, हे मला सुचलं नाही असं नाही. शेठ शेजारी बसला होता.

त्या दिवसानंतर मात्र घास गोड लागेना. दोन-तीन रविवार टाळले आणि एका रविवारी दुपारी नवागामला गेलो. आक्का आत चुलीपाशी भाकरी थापत होती. दाजी बाहेर ओट्यावर बसले होते, त्याच जागी, जिथे ते माझी झोप मोडू नये म्हणून बसायचे. मी त्यांच्या समोर बसलो. उजेड माझ्या तोंडावर पडेल असा बसलो. आणि ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. शेठने मागितलं नव्हतं, मीच गेलो होतो. एक माणूस कमी, हे मीच म्हणालो होतो. त्या रविवारी पंप चालू असताना मी मुद्दाम तोंड फिरवून बोललो होतो.

दाजी माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू घड्याय लिसन बठना, तव्हयच माले कयनं."

तू घड्याळ घेऊन बसलास, तेव्हाच मला कळलं. पहिल्याच दिवशी. मी लिहून होईपर्यंत ते थांबायचे, तेव्हा त्यांना कळलेलं होतं. माझा हात पाइपवर ठेवला, तेव्हा कळलेलं होतं. वायर धरायला आले, नारळ आणला, तेव्हाही.

"मंग माले सगयं शिकाडं कसाले?" मी विचारलं. मग मला सगळं शिकवलं कशाला?

"तुले नही शिकाडं," ते म्हणाले. "मशीनले शिकाडं. मी नही ऱ्हासू, पन काका ते तठेच ऱ्हातीन ना."

मी नसेन, पण काका तिथेच राहतील ना. ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला रागच आला. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. कुंकू माझ्या हुशारीला नव्हतं लावलेलं, त्या दोन बटणांना लावलं होतं. नारळ काकांच्या हातांसाठी होता. आणि मी तो माझ्या नावावर जमा करून खोबरं खाल्लं होतं.

मी म्हणालो, त्या रविवारी मी काय बोललो ते तुम्हाला ऐकू आलं होतं का? ते म्हणाले, "आयकाले नही उनं. पन तोंड फिरायेल दखं." ऐकू नाही आलं, पण तोंड फिरवलेलं बघितलं. मग त्यांनी बसल्या जागी ओट्याच्या फरशीवर तळहाताने दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "जाऊ दे." त्या दिवशीइतक्या मोठ्याने नाही.

तेवढ्यात आक्का दोन ताटं घेऊन बाहेर आली. कळण्याची भाकरी आणि भरीत. आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून तिने विचारलं, "काय बोली ऱ्हायनात?"

विचारताना ती माझ्याकडे वळली होती आणि तिची पाठ दाजींकडे होती, त्यामुळे त्यांना प्रश्न कळला नव्हता. उत्तर मलाच द्यायचं होतं. पंप नव्हता, आवाज नव्हता, बहीण समोर उभी होती आणि तिला चांगलं ऐकू येतं.

"काही नही, आक्का," मी म्हणालो. "मशीननं." म्हणजे मशीनचं.

आणि मी दोन भाकरी खाल्ल्या.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आक्का अजून नवागामलाच आहे. शेजारणींमध्ये दाजींचा विषय निघाला की ती सांगते, माणूस फार चांगला, पण एका जागी टिकायचा नाही, भावाने लावून दिलेली बसल्या जागची नोकरी सोडली आणि पोटली उचलत बसला. ती हे कौतुकात आणि तक्रारीत अर्धं अर्धं सांगते. मी तिथे असलो तर माझ्याकडे वळून विचारते, खरं ना भाऊ? मी हो अशी मान हलवतो.

म्हणून हे लिहायला घेतलं. सगळं लिहून काढलं की सांगून झालं, असं मला वाटत होतं. लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून पाहिलं आणि माझं मलाच कळलं की मी पुन्हा काय केलं आहे. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला बोलून सांगितलं, आणि जिला वाचता येत नाही तिला लिहून सांगतो आहे.

आक्काकडे काहीही कागद आला, लाइटबिल असो की बँकेची चिठ्ठी, ती अजून जपून ठेवते आणि मी गेलो की पुढे करते. ते सगळे मीच तिला वाचून दाखवतो. हे मी लिहिलेले कागदही गेल्या रविवारी माझ्या पिशवीत होते. भरीत खाऊन मी ते तसेच परत आणले.